ॲलरवासचं नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम: बेव्हिन बॉइजसाठी तरी जाच

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधलं हे स्मृतिवन 150 एकरांचं आहे, त्यामुळे सगळं एका दिवसात बघायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक लोक थेट उंचवट्यावरच्या सैनिकी स्मारकाकडे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर कामी आलेल्या 16,000 हून अधिक जणांची नावं तिथे कोरलेली आहेत, तीही बघावीतच. पण माझे बाबा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांना मी आधी नेलं ते बेव्हिन बॉइजच्या स्मारकाच्या चार दगडांकडे.

1943 मध्ये ब्रिटनला कोळसा कमी पडू लागला, कारण खाणकामगारच हजारोंनी सैन्यात गेले होते. मग कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी डिसेंबरपासून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. टोपीतून 0 ते 9 मधला आकडा निघायचा. ज्याच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी तो आकडा, त्याची रवानगी सैन्याऐवजी खाणीत. विमानावर किंवा पाणबुडीवर निवड झालेल्यांसारखे काही अपवाद सोडले, तर बाप कोण, शिक्षण किती, पोराला नौदलाची हौस आहे का, कशाचीच विचारपूस नाही. नकार दिला तर दंड नाहीतर तुरुंग. स्वतःहून खाण निवडलेले धरून सुमारे 48,000 तरुण असे कोळशाच्या कामाला लागले. हेच बेव्हिन बॉइज.

हे सांगितल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "ट्रेनिंग किती दिवसांचं?" केंद्रात चार आठवडे आणि मग नेमलेल्या खाणीवर दोन. बाबा दगडावर तळहात ठेवून म्हणाले, "खाणीचं छत बोलतं बेटा. ते ऐकू यायलाच वर्ष जातं."

हा दगड आयर्लंडमधल्या किलकेनीचा. आत्ता राखाडी आहे, पण हळूहळू कोळशासारखा काळा पडावा म्हणून मुद्दाम निवडलेला. आराखडा हॅरी पार्क्स यांचा, ते स्वतः बेव्हिन बॉय. अनावरण झालं 2013 मध्ये, म्हणजे युद्ध संपून 68 वर्षांनी! चिठ्ठीने गरीब-श्रीमंत एका रांगेत आणले, हे मला पटतं. त्यानंतरची वागणूक अजिबात पटत नाही. अंगावर गणवेश नाही, म्हणून लोक पळपुटे समजायचे, रस्त्यात पोलीस अडवून चौकशी करायचे. शेवटच्या मुलांची सुटका 1948 मध्ये झाली, तीही पदकाशिवाय. सरकारी सन्मानाचा बिल्ला द्यायला 2008 उजाडलं. तोवर कितीतरी जण वारले होते.

प्रवेश मोफत आहे, पार्किंगचे पैसे पडतात. चालणं भरपूर आहे, तेव्हा आईवडिलांना नेणार असाल तर बूट नीट घाला आणि घाई करू नका. इथले स्वयंसेवक फार आपुलकीने बोलतात. आमच्यासोबत एक आजोबा त्या दगडांपर्यंत आले आणि बाबांना वणीच्या खाणींबद्दल विचारत राहिले. मी भाषांतर करत होते. पुढच्या वेळी दुपारऐवजी सकाळीच पोचणार आहोत, कारण बाबांचं बोलणं अर्धवट राहिलं.