इंजिनं चोरीला गेली नाहीत, मीच पिशवीत भरून दिली

आमच्या गल्लीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या, म्हणून मी माझ्या छंदाच्या, घरातल्या मॉडेल रेल्वेच्या बंदोबस्ताच्या मागे लागलो. त्या बंदोबस्ताचा शेवट असा झाला की ९ इंजिनं मूळ खोक्यांसकट मीच जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून एकाच्या हातात दिली आणि त्याला ऑटोपर्यंत सोडायलाही गेलो.

हिशेब आधीच देतो, कारण प्रत्येक जण तो विचारतो आणि मग हसतो. इंजिनं २,३७,८५० रुपयांची. ‘मूल्यांकन शुल्क’ ४,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१०. ‘परत मिळणारी’ अनामत ११,५००. एकूण २,५४,६६०. मी ३१ वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत, दुसऱ्यांच्या पावत्यांवर लाल शेरे मारत. हसा.

वरच्या मजल्यावर ११ बाय ९ची खोली आहे, तिच्यात माझा लेआउट, म्हणजे रूळ, बोगदे आणि गाड्यांची मांडणी. मुलगा काही वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला होता. मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या मेर्कलिन कंपनीचं गाव तिथून जवळच, त्यामुळे दर सुट्टीला एखादं इंजिन यायचं. एका बाजूला आपली ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज मांडली आहे, २ फुटी रुळांची ती १९९ किलोमीटरची लाइन. २०२०मध्ये ती बंद झाली तेव्हा मी तिचं एक इंजिन पितळी पत्रा कापून स्वतः बनवलं. आठ महिने लागले. चिमणी थोडी वाकडी आहे.

छंदाच्या एका ग्रुपवर मी व्हिडिओ टाकला आणि खाली विचारलं, ‘अशा गोष्टींचा विमा कोणी काढला आहे का?’ व्हिडिओत फडताळ दिसत होतं, खोक्यांची थप्पी दिसत होती, खिडकीची जाळी आणि तिच्यामागे समोरच्या देवळाचा कळसही दिसत होता. पत्ता लिहायचाच काय तो राहिला होता.

दोन दिवसांनी फोन आला. अस्खलित मराठीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी माणसांना सांगायला नको, हल्ली इथे अनोळखी माणूस फोनवर मराठीत ‘काका, नमस्कार’ म्हणाला की अर्धं काम तिथेच होतं. म्हणाला, विम्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो, आम्ही तेच करतो. वर जयविलास राजवाड्यातल्या शिंद्यांच्या चांदीच्या छोट्या आगगाडीची गोष्ट सांगितली, जेवणाच्या टेबलावर सुरया फिरवणारी, सुरई उचलली की थांबणारी. ‘तुमचा छंदही तसाच राजेशाही आहे, काका.’ मी विरघळलो. ग्वाल्हेरात शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट मी त्याच्या जाणकारीचा पुरावा मानली.

तो आला, चहा झाला, मी गाड्या सोडल्या. आता जे सांगतो ते आठवलं की रात्री उठून बसतो. मी विचारलं, इंजिनं तपासणार कशी? म्हणाला, ‘आमच्या लॅबमध्ये एकच रूळ आहे, सगळी त्यावरच चालवून बघतो.’ माझ्याकडची सहा इंजिनं मेर्कलिनची, तीन दोन-रुळी पद्धतीची, म्हणजे दोन्ही रुळांतून वीज घेणारी. मेर्कलिनला वीज रुळांच्या मधोमध असलेल्या धातूच्या ठिपक्यांतून मिळते आणि तिची दोन्हीकडची चाकं एकमेकांपासून वेगळी केलेली नसतात. साध्या दोन-रुळी रुळावर ठेवलं की शॉर्ट. छंदात वर्षभर घालवलेला पोरगाही हे बोलणार नाही. आणि मी काय केलं? त्याला समजावलं! वहीत आकृती काढून दाखवली! तो म्हणाला, ‘हो हो, तेच म्हणतोय मी, वेगवेगळे रूळ.’ आणि मी खूश, की आपण तज्ज्ञालाही दोन गोष्टी शिकवल्या.

दुसरी खूण बायकोने पाहिली. गाडी फिरत असताना तो गाडीकडे बघतच नव्हता, खोकी मोजत होता. पितळी इंजिन मी मुद्दाम त्याच्या हातात दिलं, तर त्याने ते चिमणीला धरून उचललं आणि विचारलं, ‘याचं खोकं?’ नाही म्हटल्यावर परत ठेवलं. खरा शौकीन आधी तेच मागेल, आणि चिमणीला तर कधीच धरणार नाही. बायको स्वयंपाकघरात कुजबुजली, ‘हा माणूस मला बरा वाटत नाही.’ मी म्हणालो, ‘तुला त्यातलं काय कळतं?’ हे वाक्य आता घरात रोज परत येतं, भाजीत मीठ जास्त पडलं तरी.

माझ्या बाजूनेही थोडं ऐका. छापील पावती होती, शिक्का होता, जीएसटी क्रमांक होता. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी नवव्या दिवशी टाकला, तोवर फोन बंद झालेला. क्रमांक निघाला कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचा. पैसे यूपीआयने गेले असतील तर पहिल्या तासात १९३०ला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं. मी नऊ दिवस त्या माणसाला ‘शुभ प्रभात’ पाठवत होतो.

ठाण्यातला प्रकार वेगळाच. पहिल्या दिवशी, ‘साहब खाने पर गए हैं।’ दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी वाचली, वर पाहिलं. ‘खिलौने?’ मी म्हणालो, मॉडेल. ‘बैटरी वाले?’ शेजारचा हवालदार हसला. मग, ‘आपने खुद दिए हैं न? तो चोरी कहाँ हुई?’ मी म्हणालो, चोरी नाही, फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते म्हणाले, मग आम्हाला कशाला विचारता, तुम्हीच लिहा एफआयआर. चौथ्या खेपेला साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून दिला आणि अर्ज म्हणजेच एफआयआर असं पटवायचा प्रयत्न केला. नाही! एफआयआरला क्रमांक असतो आणि तिची प्रत तुम्हाला फुकट मिळते. नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टने, आणि पोच जपा. मी पाठवलं तेव्हा कुठे हललं. मधल्या काळात एका तक्रार-क्रमांकावर केलेली माझी तक्रार ‘समाधान झाले’ म्हणून बंदही झाली. कोणाचं झालं, त्यांनाच ठाऊक.

आणि विमा. ज्याच्यासाठी एवढं रामायण घडलं, त्याचे नियम नंतर वाचले. भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं जादा कवच घेताना विम्याची रक्कम ५ लाखांपर्यंत आणि प्रत्येक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाच लागत नाही. माझं सर्वांत महाग इंजिन ४१,२०० रुपयांचं. म्हणजे त्या कागदाची गरजच नव्हती. मूळ पॉलिसीत चोरी धरतात तीही आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांत झालेली; घरफोडीचं कवच वेगळं घ्यावं लागतं. आपल्या हाताने दिलेल्या मालाला तेही लागू नाही.

खोकी खोलीत ठेवू नका, माळ्यावर टाका, कारण चोराला खोक्यासकट इंजिन हवं असतं. प्रत्येक इंजिनाचा खालून फोटो काढा, ओरखड्यांसकट. सगळी एकाच कारखान्यातली, तुमचं कोणतं हे ओरखडाच सांगेल. डिकोडरच्या, म्हणजे इंजिनातल्या कंट्रोलरचे हुकूम ऐकणाऱ्या चिपच्या, नंबरावर विसंबू नका, तो मिनिटात बदलतो. झाकणाच्या आत बारीक ब्रशने खूण करा. आणि व्हिडिओत खिडकी नको.

साडेतीन आठवड्यांनी पंचनाम्याला तोच हसणारा हवालदार आला. रिकामं फडताळ लिहून घेतलं, मग टेबलापाशी रेंगाळला. ‘चलती है?’ मी कंट्रोलर फिरवला. पितळी इंजिन वाकड्या चिमणीने खडखडत बोगद्यातून बाहेर आलं. तो दोन फेऱ्या वाकून बघत राहिला.

‘ये वाला क्यों छोड़ गया?’

‘इसका डिब्बा नहीं था।’

त्याने तेही लिहून घेतलं.