ॲलन फील्डहाउसचं हंगामी तिकीट: बऱ्याच हंगामांनंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या, ॲलन फील्डहाउस या क्रीडागृहात होणाऱ्या घरच्या सामन्यांना नव्याने जाणाऱ्यांना सगळ्यात आधी सांगायचं ते हे: तिकिटावर छापलेल्या वेळेला पोचलात तर निम्मे पैसे वाया गेले. टिप-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू होण्याच्या, पाऊण तास आधी जागेवर बसलेलं हवं. विद्यापीठगीत आणि त्याला जोडूनच संथ लयीत म्हटला जाणारा 'रॉक चॉक, जेहॉक, केयू' हा घोष सामन्याआधीच होतो. पाहुण्या संघाची ओळख सुरू झाली की विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात आणि पानं जोरजोरात सळसळवतात. आपल्या खेळाडूंची नावं पुकारली जाताच त्याच कागदांचे कपटे हवेत उडतात. हे सगळं काही मिनिटांत आटोपतं आणि नंतर पुन्हा बघायला मिळत नाही.

जागा निवडताना उंचीचा विचार करा. बास्केटमागच्या खालच्या रांगांतून समोरच्या टोकाचा खेळ नीट कळत नाही, कारण बोर्ड आणि त्याचा खांब मध्ये येतो. लांब बाजूच्या मधल्या उंचीवरून मात्र स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं) कुठे लागला, मदतीला कोण उशिरा आला, सगळं दिसतं. विद्यार्थी पूर्ण सामना उभ्याने बघतात. त्यांच्या लगेच मागची जागा स्वस्तात मिळाली तरी घेताना लक्षात ठेवा, तुम्हालाही उभंच राहावं लागेल. बाकड्यांवर माणसं खेटून बसतात, जाड कोट काढला की तो ठेवायलाही जागा नसते. थंडीत जानेवारीत तापमान शून्याखाली असतं आणि आत गर्दीमुळे घाम येतो. म्हणून एका जाड जॅकेटऐवजी दोन-तीन पातळ थर घालून जावं. २०२४ मध्ये मोठं नूतनीकरण झालंय, तेव्हा जागांबद्दलच्या जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका, ताजा नकाशा बघा.

सामना चालू असताना जागेवरून उठून बाहेर जाऊन यायचं असेल तर मध्यंतराची वाट बघू नका. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, आणि त्यातली बरीचशी रांगेतच जातात. वीस-वीस मिनिटांच्या दोन्ही डावांत घड्याळ सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटांच्या खाली गेल्यावर पहिल्यांदा खेळ थांबतो, तेव्हा जाहिरातींचा टाइमआउट होतो. पहिल्या डावातला आठच्या खालचा टाइमआउट सगळ्यात सोयीचा. दुसऱ्या डावातला चारच्या खालचा मात्र अजिबात सोडू नका, कारण चुरशीच्या सामन्यात खरा आवाज तिथूनच चढतो.

आवाजाबद्दल अतिशयोक्ती करायची गरजच पडत नाही. १३ फेब्रुवारी २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध इथे १३०.४ डेसिबलची नोंद झाली. त्याच सामन्यात कॅन्ससने शेवटच्या तीन मिनिटांत चौदा गुणांची पिछाडी भरून काढली आणि जादा वेळेत ८४-८० असा विजय मिळवला. लहान मुलं बरोबर असतील तर कानांवर लावायचे मफ घ्याच; फोमचे बोळे मुलं काढून टाकतात.

स्कोअरबोर्डवर गुणांइतकंच फाउलकडे लक्ष ठेवा. एका डावात संघाचे सात फाउल झाले की समोरच्याला 'एक आणि एक' मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो (कुणी अडवत नसताना बास्केटवर मारायचा चेंडू) बास्केटमध्ये पडला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून थेट दोन. पाहुण्यांच्या खेळाडूचा पाचवा फाउल झाला की तो बाहेर, आणि तो बाकाकडे जात असताना सगळं प्रेक्षागृह हात वर करून डोलू लागतं, गव्हाच्या पिकासारखं. ही लकब बाहेरच्याला पहिल्यांदा विचित्र वाटते, पण गव्हाच्या राज्यात ती फार शोभते.

हंगामी तिकिटाची जागा नुसत्या पैशांवर ठरत नाही, क्रीडानिधीला दिलेल्या देणगीचे गुणही लागतात. एखादाच सामना बघायचा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधले परिषदेबाहेरचे (म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांव्यतिरिक्त इतरांशी होणारे) सामने स्वस्त पडतात. फक्त नाताळच्या सुट्टीत विद्यार्थी गावी गेलेले असतात, त्यामुळे वातावरण ओसरलेलं असतं. विद्यार्थ्यांनी चांगल्या जागेसाठी गट करून आतल्या पॅसेजमध्ये दिवसच्या दिवस मुक्काम ठोकायची प्रथा आहे. हजेरी कधीही घेतली जाते आणि त्या वेळी गटातला एकही जण नसेल तर नाव कटतं. म्हणून पाळ्या आधी कागदावर लिहून घ्याव्यात, भरवशावर सोडू नयेत.

लवकर पोचल्यावर शेजारच्या डीब्रूस सेंटरमध्ये जा. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मांडलेले या खेळाचे मूळ तेरा नियम तिथे काचेआड आहेत. इथल्या संघाचे पहिले प्रशिक्षकही तेच. फॉग ॲलन हे त्यांचे शिष्य, आणि १९५५ मध्ये उघडलेल्या या इमारतीला ॲलन यांचंच नाव आहे. पिशवी पारदर्शक असेल तरच आत सोडतात.

मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर महिला संघाचा सामना निवडा. मैदान तेच, तिकीट बरंच स्वस्त, पुढच्या रांगा सहज मिळतात आणि सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा असल्याने मुलांना मध्येच पाय मोकळे करता येतात.