घरच्या घरी ब्रेक कॅलिपर रंगवण्याचे किट : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमची फोक्सवॅगन पोलो २०१६ सालची आहे. वर्षातून पाच-सहा वेळा पुण्याहून दापोलीला गावी जाणे होते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेचा परिणाम गाडीच्या खालच्या अंगावर स्पष्ट दिसतो. अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून आत पाहिले की पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारे भाग, तांबूस गंजाने माखलेले दिसत. कॅलिपर बिडाचा असतो आणि त्याच्यावरचा कारखान्यातला पातळ थर एकदा गेला की गंज धरायला वेळ लागत नाही. हा वरवरचा गंज लगेच धोक्याचा नसतो, परंतु तो साचत गेल्यावर ब्लीड निपल (जुने ब्रेक ऑइल बाहेर काढायचा कॅलिपरवरचा छोटा स्क्रू) अडकतो आणि पुढे ब्रेक ऑइल बदलताना मेकॅनिकच्या हातून तो तुटण्याची वेळ येते. मला रंग हवा होता तो या कारणासाठी.

त्यापूर्वी एकदा उष्णतारोधक म्हणून विकला जाणारा साधा स्प्रे मारून पाहिला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटले, आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तिथला रंग सुरकुतून हाताला चिकटू लागला. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि ते बहुतेक साध्या रंगांना मऊ करून उचलून काढते. म्हणून या वेळी रंग आणि तो कडक करणारा हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत असलेले, ब्रशने लावायचे किट ऑनलाइन मागवले. त्यात या दोन डब्यांखेरीज ब्रेक क्लीनरचा स्प्रे, एक ब्रश, ढवळायची काडी आणि हातमोजे होते. ब्रशने लावायचा रंग असल्यामुळे कॅलिपर गाडीवरून उतरवावा लागत नाही, ब्रेकची लाइन उघडावी लागत नाही, आणि घरी काम करणाऱ्यासाठी हा या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे.

रंग लाल घेतला नाही, गडद राखाडी घेतला. लाल कॅलिपरवर ब्रेम्बो या महागडे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचे स्टिकर लावलेल्या साध्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात, परंतु रंगामुळे गाडी एक इंचसुद्धा लवकर थांबत नाही, आणि आपल्या गाडीत जे नाही त्याची पाटी लावणे मला पटत नाही.

काम जानेवारीत काढले, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत असा रंग नीट धरत नाही. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवली. केवळ जॅकच्या भरवशावर चाकाच्या पोकळीत हात घालू नये, हे मी अतिशय गंभीरपणे सांगतो.

खरा वेळ गेला तो सफाईत. एका कॅलिपरला दीड तास लागला. ब्रेकची काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण ती थेट छातीत जाते. म्हणून मास्क लावून आधी साबणाच्या पाण्याने ती भिजवून काढली. मग तारेचा ब्रश, आणि खाचांमध्ये जुना टूथब्रश. ब्रेकचा रबरी पाइप कॅलिपरला जोडतो त्या कोपऱ्यात धूळ आणि तेल मिळून डांबरासारखा थर झाला होता. तो खरवडला तेव्हा खाली बिडाचा मूळ करडा रंग दिसला. शेवटी पॉलिश पेपर फिरवून ब्रेक क्लीनर मारला आणि पांढरे फडके पुसून पाहिले. फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत रंगाचा डबा उघडलाच नाही. बरेचसे ब्रेक क्लीनर पेट घेणारे असतात, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब व्हायला हवे.

मास्किंग टेप लावताना पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचे आणि सरकत्या पिनांवरचे रबर, ब्लीड निपल, पॅड आणि डिस्क हे सर्व झाकले. यांपैकी कशावरही रंग जाता कामा नये, पिनांवर तर मुळीच नाही, कारण त्या मोकळ्या सरकल्या नाहीत तर पॅड एका बाजूने झिजतात.

रंग स्वतः उत्तम आहे. तो दाट आहे, ओघळत नाही आणि ब्रशच्या रेषा सुकता सुकता बऱ्याच अंशी मिटतात. पातळ असे दोन हात पुरले. ब्रश मात्र निकृष्ट निघाला. पहिल्याच हातात त्याचे तीन केस रंगात अडकले आणि ते चिमट्याने वेचावे लागले. दुसरा हात मी दुकानातून आणलेल्या अर्ध्या इंची ब्रशने दिला आणि फरक तत्काळ जाणवला. हार्डनर मिसळल्यावर मिश्रण काही तासांत घट्ट होते, त्यामुळे उरलेला रंग ठेवून देता येत नाही. दोन कॅलिपरना निम्मासुद्धा लागला नाही. पोलोला मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे बाकीचा रंग ड्रमच्या बाहेरच्या कडेला लावला. ड्रमचा जो सपाट भाग चाकाला टेकतो, तो मात्र कोराच ठेवला, कारण तिथे रंगाचा थर आला तर तो दबून बोल्ट सैल होऊ शकतात.

गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चाके बसवून बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळले, पेडल दाबून पाहिले, आणि थोडे अंतर चालवून आल्यावर बोल्ट पुन्हा तपासले.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. ताम्हिणी घाट अनेकदा चढून-उतरून झाला, दापोलीची खारी हवा लागली, तरी रंग पिवळा पडला नाही की सुटला नाही. साध्या पाण्याने धुतले की ब्रेकची धूळ निघून जाते, पूर्वी ती गंजात मुरून बसत असे. मध्यंतरी ब्रेक ऑइल बदलले. निपल विनातक्रार फिरला, आणि सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुतल्यावर त्या जागी साधा डागही राहिला नाही. उजव्या कॅलिपरच्या खालच्या कडेला मात्र नखाएवढा टवका उडाला आहे. पॉलिश पेपर तिथे नीट पोचला नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होते.

ज्यांच्या गाडीचे पॅड एका बाजूने झिजत आहेत, किंवा पिस्टनच्या रबराजवळ ओल दिसते, त्यांनी आधी मेकॅनिककडे जावे आणि रंगाचा विचार नंतर करावा. इतरांनी हे किट घ्यायला हरकत नाही, ब्रश तेवढा वेगळा घ्यावा.