पहिला कोणता बघू, 'ले नोस' की 'रोडियो'?

'स्वान लेक' बघून झाला, आता एखाद्या बाईने बसवलेला बॅले बघायचाय, सुरुवात कुठून करू, असं परवा मावसबहिणीने विचारलं आणि मी फोनवर तासभर बोलतच सुटले. माझ्या मते निवड दोनातच आहे, ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्काचा 'ले नोस' नाहीतर अ‍ॅग्नेस डी मिलचा 'रोडियो'. दोन्ही साधारण अर्ध्या तासाचे, जेवणाआधी एक सहज बघून होतो, आणि दोन्हींच्या मध्यभागी लग्नाच्या वयाची एक मुलगी आहे. पण दोघींचं बघणं इतकं वेगळं की पहिला कोणता बघता याने फरक पडतो.

'ले नोस' 1923 चा, पॅरिसचा, रशियन निर्माता डियागिलेव्हच्या 'बॅले रूस' या नृत्यमंडळीचा. ब्रोनिस्लाव्हाची ओळख लोक प्रसिद्ध नर्तक निजिन्स्कीची बहीण अशीच करून देतात, मला ते फार खटकतं, कारण हे काम तिचं आणि फक्त तिचं आहे. विषय रशियन खेड्यातलं लग्न, संगीत स्ट्राविन्स्कीचं, चार पियानो, तालवाद्यं आणि गाणारे. पोशाख ठरवणाऱ्या नतालिया गोंचारोवाने आधी रंगीबेरंगी, भरजरी कपड्यांची चित्रं केली होती, निजिन्स्का म्हणाली हे नको, आणि मग सगळ्यांना एकच साधा तपकिरी-पांढरा पोशाख, नवरीलाही तोच. तिचं म्हणणं असं की आईबापांनी ठरवलेलं लग्न, मुलगी परक्या घरी चाललीये, त्यात तिला कसला आलाय आनंद.

पहिल्याच प्रवेशात नवरीची वेणी घालतात. वेण्या इतक्या लांब की मैत्रिणी दोन्ही बाजूंनी त्या दोरखंडासारख्या धरून उभ्या राहतात, आणि नवरी मधे, मान खाली. मग मुली एकीच्या डोक्यावर एक डोकं टेकवत उतरंड रचतात आणि सगळ्यात वर नवरीचा चेहरा. कुणी रडत नाही, चेहऱ्यावर काहीच नाही, तरी माझ्या पोटात खड्डा पडला. 'स्वान लेक'मधे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहणं म्हणजे हलकं होऊन तरंगणं, इथे त्याच मुली तेच पॉइंट शूज, म्हणजे बॅलेचे कडक टोकाचे बूट, जमिनीत ठोकतात, खिळे मारल्यासारखे. तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी दोन्हीकडच्या आया मुलं गेली म्हणून विलाप करतात, मुलीची आणि मुलाचीसुद्धा. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी सनई चालू असते आणि आई कोपऱ्यात डोळे पुसत असते, ते ज्याने बघितलंय त्याला इथे वेगळं काही समजावून सांगायला लागत नाही.

आता 'रोडियो'. 1942, न्यूयॉर्क, संगीत आरन कोपलंडचं. गुराख्यांच्या वाड्यावरची एक मुलगी, पँट घालून पोरांच्या बरोबरीने घोड्यावर बसायला बघते, मुख्य गुराख्यावर जीव जडलाय आणि तो बघतही नाही. डी मिल पहिल्या प्रयोगात स्वतःच ती मुलगी नाचली आणि 22 वेळा पडदा पुन्हा उघडावा लागला असं सांगतात. स्टेजवर घोडा एकही नाही, पण पोरांच्या मांड्या, कंबर, झटका देऊन मागे जाणारी पाठ बघून घोडा दिसतोच, हे बसवायला काय मेहनत लागली असेल! मधेच संगीत थांबतं आणि नुसत्या टाळ्या-पावलांवर नाच चालतो, तो भाग मी तीनदा मागे नेऊन बघितला. पुढच्याच वर्षी 'ओक्लाहोमा!' या म्युझिकलचे नाच बसवायचं काम डी मिलकडे आलं ते यामुळेच.

गोष्ट लगेच कळते, हसू येतं, घरातलं दहा वर्षांचं पोरही शेवटपर्यंत बसेल. माझी तक्रार एकच, शेवटी ती मुलगी फ्रॉक घालून येते तेव्हा कुठे सगळे तिच्याकडे वळून बघतात. निजिन्स्काने 19 वर्षं आधी यापेक्षा कडक बोलून ठेवलं होतं.

बॅलेच्या क्लासात मुलीच मुली, आणि नाच बसवणारे म्हणून नावं कुणाची येतात तर पेटिपा, फोकिन, बॅलन्शिन, सगळे पुरुष. 'ले नोस'सुद्धा विस्मरणात गेलाच असता, पण 1966 ला लंडनच्या रॉयल बॅले या नृत्यमंडळीचा तेव्हाचा संचालक फ्रेडरिक अ‍ॅश्टनने निजिन्स्काला बोलावून तिथल्या नर्तकांवर तो पुन्हा बसवून घेतला, तेव्हा ती 75 वर्षांची होती. आणि त्याच रॉयल बॅलेच्या मुख्य स्टेजसाठी 2017 मधे क्रिस्टल पाइटने 'फ्लाइट पॅटर्न' केला तेव्हा तिथे बाईने नवीन काम बसवून 18 वर्षं झाली होती, एकविसाव्या शतकात! तोही बघाच, निर्वासितांवर आहे, 36 नर्तक एका रांगेत श्वास घेतल्यासारखे हलतात, पण तो तिसरा.

तर मावसबहिणीला मी 'ले नोस' सांगितला. दिवस दमवणारा गेला असेल किंवा सोबत मुलं असतील तर 'रोडियो' आधी बघितला तरी चालेल, पण एकटी असशील आणि अर्धा तास कुणी हाक मारणार नसेल तर 'ले नोस'च. पहिली पाच मिनिटं चिवट वाटतील, गाणं कर्कश वाटेल, बंद करू नकोस. आणि हेडफोन लाव, शेवटी पियानो देवळातल्या घंटेसारखे थांबत थांबत वाजतात, ते फोनच्या स्पीकरवर कळतच नाही.