जुन्या ब्लेझरचं दुकान आणि बिलातली ‘ऐच्छिक’ ओळ

शाळेचं नाव लिहीत नाही. मुलगा अजून तिथेच शिकतोय, आणि मेलबर्नच्या या भागात मराठी घरं आता इतकी झालीत की ज्यांना ओळखायचं ते नावाशिवायही ओळखतील. शाळा फक्त मुलग्यांची, खाजगी, जुनी. वरच्या वर्गांची फी वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास जाते. आमचा मुलगा २०२२ मध्ये सातवीत गेला तो निम्म्या फीच्या शिष्यवृत्तीवर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टची नोकरी करते, नवरा ट्राम चालवतो. शिष्यवृत्ती नसती तर या शाळेचं फाटक आम्ही ट्राममधूनच पाहिलं असतं.

अभ्यास कसा आहे, शिक्षक कसे आहेत, हे बरेच जण लिहितात. मला लिहायचंय ते शाळा पालकांकडून फीच्या वर जे मागते त्याबद्दल. एक वेळ मागते आणि दुसरे पैसे. चार वर्षांत दोन्ही देऊन झालं, घेऊनही झालं. कारण आमच्या मुलाची निम्मी फी ज्या निधीतून येते तो अशाच देणग्यांवर उभा आहे.

पहिल्यांदा जुन्या गणवेशाचं दुकान. याला मी पाचपैकी पाच देते आणि जमलं तर अर्धा वर.

व्यायामशाळेच्या मागे, पूर्वी क्रिकेटच्या मॅट ठेवायचे त्या खोलीत हे दुकान आहे. मंगळवारी सकाळी दोन तास आणि शुक्रवारी शाळा सुटताना तासभर उघडं. चालवतात सगळे पालक, पगारी कोणी नाही. आत शिरलं की ओल्या लोकरीचा वास येतो. नवा ब्लेझर शाळेच्या अधिकृत दुकानात तीनशे डॉलरच्या वर. इथे मला नव्वदला मिळाला, आणि तोही कोपरं धड असलेला. तुम्ही आणून दिलेला कपडा विकला गेला की सत्तर टक्के तुम्हाला, तीस टक्के पालक संघाच्या मदतनिधीला. फॉर्मवर खाली एक चौकोन असतो, त्यात खूण केली की सगळेच निधीला. बरेच जण खूण करतात.

दुकानाचा खरा आत्मा म्हणजे तिथल्या एक बाई. त्यांचे मुलगे शाळा सोडून वीस वर्षं झाली, या अजून येतात. मुलाकडे एक नजर टाकून माप सांगतात; टेप गळ्यात असते पण वापरताना मी पाहिली नाही. पहिल्या दिवशी मी हिशेबी बाईसारखा दोन मापं मोठा ब्लेझर उचलला, तर त्यांनी तो हातातून काढूनच घेतला. म्हणाल्या, बाही दोन इंच लांब घे, आतून दुमडून शिवता येते, पण खांदा मोठा घेतलास तर पोरगं वर्षभर हँगरला टांगल्यासारखं दिसेल. आमच्याकडे तासगावला दिवाळीचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायचे तेव्हा कोणी हे सांगितलं असतं तर माझ्या भावाचे फोटो जरा बरे आले असते.

घरी आणून आतलं अस्तर उलटं केलं तर नावाच्या पट्ट्या तीन. एकीवर एक शिवलेल्या. आडनावांवरून एक घर ग्रीक वाटलं, एक चिनी. मुलगा म्हणाला, ‘आई, जुन्या काढून टाक ना.’ उसवल्या तर अस्तर फाटलं असतं. चौथी पट्टी वर शिवून टाकली.

सहा महिन्यांनी मीच तिथे काम करायला लागले. त्यासाठी मुलांसोबत काम करण्याची सरकारी पडताळणी लागते. व्हिक्टोरिया या आमच्या राज्यात स्वयंसेवकांना ती मोफत आहे, फॉर्म ऑनलाइन भरायचा, पाच वर्षं चालते. मात्र स्वयंसेवकाचं कार्ड पगाराच्या कामाला चालत नाही, हे लक्षात ठेवा. आपला मुलगा ज्या उपक्रमात आहे तिथे मदत करणाऱ्या पालकाला कायद्याने बऱ्याचदा सूट असते, पण आमची शाळा सरसकट सगळ्यांकडून मागते. मला ते पटतं.

तिथे काम करताना शाळा कळली. सातवीतल्या पोरांच्या पँटी गुडघ्यावर विरतात आणि नववीतल्यांच्या खिशात. भल्या मोठ्या गाडीतून उतरलेली आई पाच डॉलरच्या टायसाठी घासाघीस करते. आणि एखादी आई कपडे बघत नुसतीच उभी राहते, किंमत विचारत नाही. तेव्हा त्या बाई आत जाऊन ‘हा एक राहिलाच होता, विकला जाईना, घेऊन जा’ म्हणत चांगला ब्लेझर बाहेर आणतात. हे मी तीनदा पाहिलं. वहीत त्याची नोंद ‘खराब माल’ अशी होते.

आता शनिवारचं क्रिकेट. आमच्या शाळेत शनिवारचा खेळ सक्तीचा, त्यामुळे पालकांचा शनिवारही आपोआप गेला. नवऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात स्कोअरवही हातात घेतली आणि ती अजून सोडलेली नाही. त्यासाठी तो शिफ्टची अदलाबदल करतो, जी त्याने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला कधी केल्याचं आठवत नाही. त्याची वही बघण्यासारखी असते, लेग बाय हिरव्या शाईत. सामन्यानंतर समोरच्या शाळेचा स्कोअरर आणि हा, दोघं बेरीज जुळवत बसतात. नवरा या देशात पंधरा वर्षं आहे. इथल्या लोकांशी अघळपघळ गप्पा मारताना मी त्याला पहिल्यांदा त्या टेबलाशी पाहिलं. समोरचा माणूस मोठा वकील आहे हे आम्हाला वर्षभराने कळलं, आणि तेही दुसऱ्याकडून.

मैदानाच्या कडेला सॉसेजची शेगडी असतेच. पावात सॉसेज, कांदा, सॉस. इथे ही जवळजवळ धार्मिक बाब आहे. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानांबाहेर संस्था पैसे जमवायला हेच विकतात. तिथे २०१८ मध्ये कांदा सॉसेजच्या खाली घाला असं सांगितलं गेलं, वरून सांडून कोणी घसरू नये म्हणून, तर त्याची देशभर चर्चा झाली. २०२२ मध्ये दर अडीच डॉलरवरून साडेतीन झाला तेव्हाही बातम्या. आम्ही शाकाहारी, पण कांदा परतायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तिथूनच पुढे शाळेच्या जत्रेत कांदाभजीचा स्टॉल निघाला. पहिल्या वर्षी माझी यादी परत आली: ‘तेल कोणतं?’ मी सरळ शेंगदाण्याचं लिहिलं होतं. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा इथे फार धाक आहे आणि तो बरोबरच आहे. सूर्यफुलाच्या तेलात तळली, बेसन म्हणजे हरभऱ्याचं पीठ हे स्टॉलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. बारा किलो कांदा दुपारी दोनच्या आत संपला. मुलांना जत्रेतल्या खेळांपेक्षा भजीची रांग जास्त आवडली, असं निदान मला वाटलं. चव नेहमीपेक्षा कमी होती, हे मात्र मान्य करते. शेंगदाण्याच्या तेलाची सर नाही.

इथवर सगळं गोड. आता पैशांची बाजू, आणि तिथे मी दोनच तारे देते.

पहिल्याच सत्राच्या बिलात फी, कॅम्प, पुस्तकं यांच्या खाली एक ओळ होती: इमारत निधी, ऐच्छिक, शंभर डॉलर. बेरजेत धरलेली. म्हणजे ऐच्छिक तर खरं, पण नको असेल तर तुम्ही कळवायचं. आम्ही वर्षभर भरत राहिलो, कारण बिलातली ओळ वजा करायची असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे दुकानदाराच्या बिलातून कोण स्वतः एक ओळ खोडतं? दुसऱ्या वर्षी दुकानातल्या एकीने सहज सांगितलं. मी फी विभागाला मेल केला, दुसऱ्या दिवशी ओळ गेली, का म्हणून कोणी विचारलं नाही. वागणुकीत तक्रार नाही. पण शिष्यवृत्तीवरच्या घराला ही ओळ पाठवायचीच कशाला?

फोनवर हे आण्णांना सांगितलं. वडील ब्याऐंशी वर्षांचे, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले, बागेला पाणी घालून, खडी फोडून. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं, आणि मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. आण्णांच्या लेखी शाळेला देणगी म्हणजे ही. ते म्हणाले, ‘एवढी फी घेत्यात आन् वर वर्गणी?’ मग जरा थांबून, ‘पावती देत्यात का?’

पावती देतात, आणि तीच इथली मेख आहे. मान्यताप्राप्त निधीला दोन डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी दिली की ती करपात्र उत्पन्नातून वजा होते. शाळेचे इमारत निधी त्यात बसतात. अट अशी की देणं खरोखर ऐच्छिक हवं आणि बदल्यात काही मिळता कामा नये. म्हणून सोडतीचं तिकीट किंवा स्नेहभोजनाची थाळी म्हणजे देणगी नव्हे. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून मे-जूनमध्ये शाळांचे फोन वाढतात. श्रीमंत शाळेचा नवा पोहण्याचा तलाव करसवलतीतून, म्हणजे काही अंशी सगळ्यांच्या पैशातून, का बांधायचा हा वाद इथे जुना आहे. केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या उत्पादकता आयोगाने २०२४ च्या अहवालात शाळांच्या इमारत निधीची ही सवलत काढायची शिफारस केली होती, सरकारने ती बाजूला ठेवली. त्याच वर्षी जुलैपासून व्हिक्टोरियाने जास्त फीच्या खाजगी शाळांना पगारांवरचा कर लावला, आणि आमच्याकडे त्यानंतर निधीच्या पत्रांचा सूर आणखी काकुळतीचा झाला. मी आता तलावाला देत नाही. शिष्यवृत्तीच्या निधीला देते, तोही सवलतीत बसतो, आणि कशासाठी द्यायचं हे फॉर्मवर निवडता येतं. ते निवडा, कारण रकाना रिकामा सोडला तर आमच्याकडे पैसे इमारतीला जातात.

शाळा एक दिवस ठरवून सगळ्यांकडे देणगी मागते, त्या देणगी दिवसाचा फोन संध्याकाळी सातला आला, कुकरची दुसरी शिट्टी होत होती. पलीकडे शाळेचाच एक माजी विद्यार्थी, आवाजावरून एकोणीस-वीसचा. फार गोड बोलला. मुलगा कशात रमतो विचारलं, मग पंधराशे डॉलर सुचवले. मी पन्नास म्हटलं. तो म्हणाला, पन्नास फार मोलाचे आहेत, आणि मला वाटतं त्याला तसं खरंच वाटत होतं. राग त्याचा नाही. राग नंतर आलेल्या चकचकीत पुस्तिकेचा, ज्यात देणगीदारांची नावं रकमेच्या पायऱ्यांनी लावलेली. आमचं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. देवळाच्या पायरीवर पाचशे एक आणि अकरा हजार कोरलेलं पाहत मोठी झालेली मी, मला याचं नवल वाटायला नको होतं. पण स्कोअरच्या टेबलाशी जो वकील नवऱ्याचं हिरवं पेन उसनं घेतो तो पहिल्या पानावर आणि आम्ही शेवटच्या, हे छापून घरी पाठवायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी ‘नाव नको’ या चौकोनात खूण केली.

आणखी एक तक्रार वेळेची. मदतीच्या पाळ्या बहुतेक मंगळवार-बुधवारी सकाळी नऊ ते अकरा. म्हणजे नोकरी नसलेल्या किंवा गरज नसलेल्या आयांसाठी. रात्रपाळी करून थेट कँटीनमध्ये उभं राहून मी एकदा अडीचशे सँडविच कापलेत. शेजारची विचारत होती की तुम्हीपण सुट्टीत खाली पोर्टसीला जाता का. पोर्टसी म्हणजे इथल्या श्रीमंतांचं सुट्टीचं, समुद्रकाठचं गाव. तिला वाईट म्हणत नाही, तिच्या ओळखीचे सगळे तिथेच जातात. पालक संघाच्या बैठकीत मी म्हटलं, घरी करता येईल असं काम द्या. तिकडे कोणी ‘बघू’ म्हणून सोडलं नाही, पुढच्याच महिन्यात दुकानाच्या दुरुस्तीच्या पिशव्या घरी न्यायची सोय झाली. आता आम्ही चौघीजणी आहोत, त्यात एक नर्स, एक बेकरीत पहाटे जाणारी. बटणं, अस्तरं, पँटीच्या शिवणी. टीव्हीसमोर बसून होतं.

ज्यांचे मुलगे अशा शाळेत जाणार आहेत त्यांना इतकंच: पहिलं बिल ओळ न् ओळ वाचा, आणि गणवेश नवा घेण्याआधी जुन्या दुकानात जाऊन या. आमचं दुकान जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोज उघडं असतं, चौदा आणि सोळाची मापं पहिल्या दिवशीच संपतात. विकायला आणताना कपडे धुऊन, खिसे रिकामे करून आणा. गेल्या वर्षी एका खिशात केळं निघालं. आणि मोजे आणू नका, मोजे आम्ही घेत नाही.