जुन्या लॅपटॉपला एसएसडी, की थेट नवा लॅपटॉप?

घरातला सहा-सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, मुलीला त्यावर कॉलेजचं काम करायचंय आणि जो तो सांगतो, ‘जुना झाला, आता नवाच घ्या.’ मुंबईत अशा वेळी माणूस एक तर मॉलमधलं शोरूम गाठतो, नाही तर ग्रँट रोडला उतरून पूर्वेला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जातो. निघण्याआधी घरीच एक गोष्ट बघून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर प्रोसेसर म्हातारा झालेला नाही. तो नुसता डिस्कसाठी ताटकळत बसलाय.

किती ताटकळतो, याचा हिशेब सोपा आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. आधी माहिती वाचणारं हेड योग्य जागी सरकणार, मग हवी ती माहिती फिरत फिरत हेडखाली येणार, यात साधारण १५ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात प्रोसेसरचे साडेचार कोटी ठोके फुकट गेलेले असतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात काही फिरतही नाही आणि सरकतही नाही. तिचं उत्तर ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास येतं, म्हणजे तीनेक लाख ठोक्यांत. रॅमला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीला, तर तीनेकशे ठोके पुरतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, आणि दर वेळी या फरकाची किंमत मोजावी लागते.

हार्ड डिस्कचं हे दुखणं जन्मापासूनचं. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रॅमॅक या संगणकाच्या डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं साठवत. आजची १ टेराबाइटची डिस्क त्याच्या दोन लाख पट साठवते, पण फिरते फक्त साडेचार पट वेगाने. सामान वाढत गेलं, ते काढून देणारा हात तेवढा चपळ झाला नाही.

प्रोसेसरची गोष्ट उलटी आहे. पेंटियम ४ ने २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत हा आकडा दुप्पटही झाला नाही. चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी त्यांचा व्होल्टेज एका मर्यादेखाली नेता येईना, करंट गळू लागला, चिप तापू लागली. मग कंपन्यांनी वेग वाढवण्याऐवजी कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये शेजारी शेजारी काम करणारे प्रोसेसर, वाढवले. त्यामुळे २०१८चा इंटेलचा चार कोअरचा आय५ एक्सेल, झूम, पीडीएफ आणि ब्राउझर यांसाठी आजही कमी पडत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा त्रिमितीय डिझाइन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नवाच घ्या, पुढचं वाचूही नका.

जुना ठेवायचा तर खरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, शिवाय इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. लॅपटॉपवर आय५-८२५०यू असा नंबर असेल तर पास. डॅशनंतर ७ किंवा ६ ने सुरू होणारा चार आकडी नंबर असेल, तर सरकारी कामं आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या घराने त्या लॅपटॉपवर मोठा खर्च करू नये. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तर एसएसडी टाकून तो आणखी काही वर्षं आरामात चालेल, पण घरातल्या सगळ्यांची तशी तयारी आहे का, हे आधी विचारा.

रॅमचं काय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक ४० बिटांच्या २०४८ शब्दांवर चालायचा, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. त्यावर शास्त्रज्ञ गणितं सोडवत. आज व्हॉट्सॲपचा एक स्टिकरही त्यात बहुधा मावणार नाही. आज ४ जीबी अपुरी, ८ जीबी चालण्याजोगी आणि १६ जीबी निर्धास्त, असं माझं मत आहे. मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार इतका शोषलाय की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून आधी फक्त एसएसडी बसवा, आठवडाभर वापरा, आणि मगच रॅमचा भाव विचारा. सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या एक तृतीयांशापुढे जाऊ लागला तर तिथेच थांबा.

नव्यात मिळतं ते मुख्यतः बॅटरी, स्क्रीन आणि टाइप-सी चार्जिंग. रोज डोंबिवली ते चर्चगेट करणाऱ्याला दिवसभर चार्जर न लागणं ही मोठी गोष्ट आहे, आणि हे सुख जुन्यात कितीही पैसे ओतून येत नाही. (लोकलमध्ये रोज बॅग नेणाऱ्याने फिरणारी हार्ड डिस्क तशीही काढावीच. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. स्लीपमध्ये न जाता चालूच राहिलेला लॅपटॉप बॅगेत असताना दादरला एक धक्का पुरतो.) एआयसाठीचा वेगळा प्रोसेसर, म्हणजे एनपीयू, हा मात्र अजून बहुतेक घरांत बिनकामाचा पाहुणा आहे. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी या एआय लॅपटॉपांच्या अटींत किमान १६ जीबी रॅम आहे, आणि एनपीयूपेक्षा ती अट तुमच्या जास्त कामाची.

नव्यात एक गोम आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. तारा जितक्या आखूड तितकी वीज कमी आणि वेग जास्त, हे कारण खरं आहे, पण आज ८ जीबी घेतलं तर ते कायमचं. काढता येणाऱ्या पातळ मेमरीसाठी कॅम२ हे मानक २०२३ च्या डिसेंबरात आलंय. ते स्वस्त लॅपटॉपांत उतरेपर्यंत थोडी कळ सोसून १६ जीबीचाच घ्या.

तिसरी वाट कंपन्यांनी काढून टाकलेल्या आणि नीट करून विकल्या जाणाऱ्या रिफर्बिश्ड लॅपटॉपांची. दणकट असतात, बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, एवढं दुकानातच सुरू करून बघा.

आणि एक सरळ नकार. तुमच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, किंवा पावसाळ्यात बोर्डवर गंज चढला असेल, तर एसएसडीवर खर्च करू नका. हार्ड डिस्क काढून यूएसबीने जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये घाला, फोटो वाचवा आणि नवा घ्या.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या. एसएसडीसाठी एम.२ चा स्लॉट, म्हणजे बोर्डवरची खाच, आहे की नाही, हे खालचं झाकण उघडल्यावर पक्कं कळतं; ती साटा या जुन्या पद्धतीची आहे की एनव्हीएमई या वेगवान पद्धतीची, हे मॉडेलच्या माहितीवरून बघून घ्या. जुन्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे एसएसडीवर हुबेहूब नक्कल, समोर करून घ्या, जीएसटीचं बिल मागा, कारण एसएसडीची तीन ते पाच वर्षांची वॉरंटी मागताना ते लागतं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.