सेलेनियम मॅनेजर: टेस्टिंग करत नसाल तरी कामाचा

स्क्रिप्टमधून ब्राउझर उघडायचा तर आधी तो मशीनवर नेमका कुठे पडलाय ते कळायला हवं, आणि तिथेच सगळी बोंब असते. विंडोजवर क्रोम बहुतेक वेळा प्रोग्राम फाइल्समध्ये सापडतं, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स नसताना कुणी टाकलं असेल तर ते त्या युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल फोल्डरच्या आत जाऊन बसतं, मॅकवर दिसणारं ॲप म्हणजे मुळात फोल्डर, खरी एक्झिक्युटेबल आत कंटेंट्स आणि मग मॅकओएसमध्ये, त्यात तिच्या नावात स्पेस, कोट्स विसरलात की मेलात. लिनक्सवर तर नावच ठरलेलं नाही, कुठे गूगल-क्रोम, कुठे क्रोमियम, कुठे क्रोमियम-ब्राउझर.

सेलेनियम म्हणजे कोडमधून ब्राउझर चालवायचं टूल, मुख्यतः वेबसाइट टेस्टिंगसाठी वापरतात; त्याच्यासोबत येणारा सेलेनियम मॅनेजर ही सगळी शोधाशोध स्वतः करतो. 2022 मध्ये सेलेनियम 4.6 सोबत आला, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्राम आहे, सेलेनियमचं पायथन पॅकेज टाकलं की आतच मिळतो. लोक त्याला ड्रायव्हर (स्क्रिप्टच्या आज्ञा ब्राउझरपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) आणून देणारा म्हणून ओळखतात, मी मात्र निव्वळ पत्ता काढायला वापरते: टर्मिनलवर ब्राउझरचं नाव द्यायचं, आउटपुट जेसन फॉरमॅटमध्ये मागायचं, त्यात ब्राउझर पाथ, म्हणजे त्याचा पत्ता, समोर हजर! एक सांगते, सोबत ऑफलाइनचा फ्लॅग लावाच, नाहीतर ब्राउझर सापडला नाही की हा गुपचूप नवीन डाउनलोड करून त्याचाच पाथ हातात देतो, आणि आपल्याला वाटतं अरे वा, सापडला की.

पाथ मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका पण. उबंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅपमधून (उबंटूची ॲप पॅकेज करायची पद्धत) येतो, तिथे यूएसआर-बिन फोल्डरमधलं फायरफॉक्स ही नुसती शेल स्क्रिप्ट आहे, ती जीकोड्रायव्हरला, म्हणजे फायरफॉक्सच्या ड्रायव्हरला, दिली की तो सरळ म्हणतो ही फायरफॉक्सची एक्झिक्युटेबलच नाही. सिस्टिमच्या PATH मध्ये (जिथे टर्मिनल प्रोग्राम शोधतो ती फोल्डरांची यादी) जुना क्रोमड्रायव्हर, म्हणजे क्रोमचा ड्रायव्हर, पडलेला असेल तर मॅनेजर तोच उचलतो, वॉर्निंग देतो म्हणा, पण वॉर्निंग वाचतंय कोण.

वापराची निनावी आकडेवारीही बाय डिफॉल्ट बाहेर पाठवतो, हे मला आवडलं नाही, बंद करायची सोय आहे पण ती आपणच शोधायची.

क्रोम, एज, फायरफॉक्सवाल्यांनी वरच्या गोष्टी सांभाळून खुशाल वापरा. ब्रेव्हवाल्यांनी मात्र याच्या नादी लागू नका, हे नाव तो ओळखतच नाही, तुम्हाला पाथ हातानेच टाकावा लागणार.